पोटात टिंब नसलेलं शून्य

घाटकोपरच्या पंतनगरात राहणाऱ्या अनुपमा तोंडवळकरांनी सव्वीस वर्षं विक्रोळीच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली. समोरच्याला आकडा एकदाच सांगायचा आणि तो बरोबरच ऐकू गेला पाहिजे, ही तिथली सवय. आईच्या शेवटच्या काही वर्षांत तिची नजर गेली होती, तेव्हा त्या तिला रोज वाचून दाखवायच्या. आई गेल्यावर आवाज घरात नुसता पडून राहिला. मग एका संस्थेतर्फे त्यांनी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करायला घेतली. आता त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या नावावर दोनशेच्या वर पुस्तकं जमा आहेत.

त्यांचा पहिला श्रोता म्हणजे मानखुर्दचा सर्वेश. जन्मापासून अंध, आता एका बँकेत नोकरीला. अनुपमाताईंच्या जुन्या कॉम्प्युटरला नवं विंडोज झेपेना, तेव्हा त्यानेच येऊन त्यावर लिनक्स ही हलकी, मोफत प्रणाली बसवून दिली होती.

गेल्या मार्चमध्ये रेकॉर्डिंगची डिस्क भरत आली. दुकानातून मोठी डिस्क बसवून, सगळ्या फायली तिच्यात उतरवून आणल्या. उरलं होतं एकच काम. कोणती डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची याची यादी कॉम्प्युटरमध्ये एका फाईलमध्ये असते; तिच्यात जुन्या डिस्कच्या जागी नवीचा लांबलचक नंबर घालायचा. अनुपमाताईंनी तो कागदावर उतरवला, कागदावरून टाइप केला आणि कॉम्प्युटर बंद करून जेवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. दीड मिनिट तसाच थांबला, मग काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली आणि त्याने पासवर्ड मागितला.

श्रुतिका या कायदा शिकणाऱ्या अंध विद्यार्थिनीची परीक्षा परवावर आली होती. तिच्या पुस्तकातली रेकॉर्ड केलेली शेवटची दोन प्रकरणं त्याच डिस्कवर होती. ताईंनी सर्वेशला फोन लावला.

"सर्वेश, वाट लागली रे. इमर्जन्सी मोड म्हणतोय."

"घाबरू नका ताई. आज मला सुट्टीच आहे. पासवर्ड घाला आणि स्पीकरवर ठेवा. मी सांगतो ते टाइप करा, आणि दिसेल ते वाचा."

त्याने आधी रेकॉर्डिंगचा फोल्डर उघडून बघायला सांगितला. फोल्डर रिकामा होता. एकही फाईल नाही.

"सगळं गेलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"नाही गेलं. डिस्क जोडलीच गेली नाही, म्हणून फोल्डर रिकामा दिसतोय. फोल्डर म्हणजे नुसती खुंटी. पिशवी अजून अडकवायची आहे."

"नक्की ना?"

"नक्की. आता डिस्कचा खरा नंबर विचारू."

त्याने सांगितलेला शब्द त्यांनी टाइप केला. नंबर आला. ताईंनी तो वाचला, एकेक अक्षर, चार-चारांच्या गटात, कारखान्यातल्या टेलिफोन-बोर्डावर बसल्यासारखं. मग यादीतली ओळ वाचली. सर्वेशने दोन्ही मनात धरून ठेवले होते.

"दोन्ही एकच आहेत," तो म्हणाला. "मग सापडत का नाही?"

पाच-सात मिनिटं त्यांनी बाकीचं तपासलं. फोल्डरचं नाव बरोबर. डिस्कचा प्रकार बरोबर. ताईंनी नंबर पुन्हा वाचला, तो पुन्हा जुळला.

सर्वेशने यादीतली ओळ मनात पुन्हा घोळवली. मग म्हणाला, "ताई, रागावू नका. तुम्ही दिसतंय ते वाचताय की तुम्हाला ठाऊक आहे ते?"

ताई रागावल्या. "अरे, आयुष्यभर हेच केलंय मी!"

"म्हणूनच विचारतोय. यादीतला प्रत्येक शून्य नीट बघा. सगळी सारखीच दिसतात का?"

त्यांनी चष्मा पुसला आणि पडद्याजवळ वाकल्या. पहिल्या शून्याच्या पोटात टिंब होतं. दुसऱ्याच्याही. तिसऱ्याचं पोट मोकळं होतं.

"याच्यात टिंब नाही रे."

"ते शून्य नाहीच, तो ओ आहे! या नंबरात अक्षरं फक्त एफपर्यंत चालतात. ओ असूच शकत नाही."

ताईंनी कागद शोधून आणला. त्यांच्या अक्षरात शून्य आणि ओ अगदी सारखे. त्या स्वतःशीच हसल्या. "वाचनात चूक काढणारा पहिला तूच भेटलास."

सर्वेशही हसला. ताईंनी ओ खोडून शून्य घातलं. सर्वेशने त्याच ओळीत आणखी एक शब्द घालायला लावला, म्हणजे यापुढे डिस्क सापडली नाही तरी कॉम्प्युटर अडून बसणार नाही, सुरू होईल. शेवटी यादीतल्या सगळ्या डिस्क जोडायचा हुकूम दिला.

"काहीच आलं नाही पडद्यावर," ताई म्हणाल्या.

"काही आलं नाही म्हणजे झालं. तक्रार असती तर बोलला असता. आता फोल्डर बघा."

फोल्डर भरला होता. नावांची रांग खाली खाली सरकत गेली. ताईंनी ती शेवटच्या नावापर्यंत बघितली. मग त्या म्हणाल्या, "आहेत सगळी."

कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून बघितला, या वेळी नेहमीसारखा उघडला. दुपारी तीनच्या आत दोन्ही प्रकरणं श्रुतिकाला गेली. ताईंनी त्याच संध्याकाळी बाजारातून दुसरी छोटी डिस्क आणली आणि सगळ्या फायलींची एक प्रत तिच्यावर काढायला लावली. हे काम दोन वर्षं राहून गेलं होतं.

परीक्षा झाल्यावर श्रुतिकाचा निरोप आला: 'पेपर चांगला गेला. आठव्या प्रकरणात शेजारच्यांचा कुकर तीनदा शिट्टी देतो, पण राहू द्या, मला आता तो पाठ झालाय.'

ताईंनी ते पान तरीही पुन्हा वाचून रेकॉर्ड केलं. खिडकी बंद करून.