कट्ट्याच्या गोदामातला चिऱ्यांचा तराफा

साठ सालानंतरच्या चार-पाच वर्षांत, एका मे महिन्यात, मालवणजवळच्या कट्टा गावी, बाजारालगतच्या भाताच्या गोदामात शेती अवजारांचे प्रदर्शन भरले. ते तीन दिवस चालले. शेवटच्या दिवशी ट्रॅक्टरने ओझे ओढण्याची स्पर्धा झाली. नेमके साल आता खात्रीने सांगता येत नाही.

गोदाम पंचक्रोशीत सर्वांत मोठे होते. दोन्ही टोकांना भरलेली बैलगाडी आत जाईल एवढे दरवाजे, वर कौले, खाली जांभ्याची फरशी. वर्षानुवर्षे पोती ओढून ती गुळगुळीत झाली होती. भिंतीलगत लोखंडी नांगर, फवारणीचे पंप, पाणी उपसण्याची इंजिने मांडली होती. पायाने चालवायच्या भातझोडणी यंत्रापुढे बायकांची रांग हटत नव्हती. प्रत्येकीला त्याच्या फळीवर एकदा पाय ठेवून पाहायचा होता. ट्रॅक्टर एकच होता. विकणाऱ्याने तो घाटावरून आणला होता, आणि त्याच्याबरोबर कोल्हापूरकडचा एक चालक आला होता.

शेतकऱ्यांची सोसायटी हा ट्रॅक्टर घेणार होती आणि तिला चालक हवा होता. अट सरळ होती. चिऱ्यांनी भरलेला, चाके नसलेला लाकडी तराफा या दरवाजापासून त्या दरवाजापर्यंत, मध्ये न थांबता, जो नेईल त्याला नोकरी. कोणीच पोचला नाही तर चालक बाहेरून आणायचा.

उतरले दोघेच. एक तो कोल्हापूरचा. त्याला इकडे राहायचे होते. दुसरा देवबागचा, चाळिशीचा, खाडीवर माणसे पलीकडे नेणारी तरीची लाँच चालवणारा. मालकाने लाँच विकून टाकल्याने त्याचे काम गेले होते. ही नोकरी मिळाली नाही तर कामासाठी मुंबई गाठायची होती, आणि पावसाळ्यापूर्वीची मुंबईची शेवटची बोट चार दिवसांवर होती. ट्रॅक्टर चालवायला तो दोनच दिवसांत शिकला होता, आणि शिकवणारा तोच कोल्हापूरचा चालक होता.

देवबागकराची बायको दरवाजाशी उभी होती. शेजारणीने विचारले तेव्हा ती म्हणाली, "ट्रंक भरून ठेवलेली आसा गो. ह्यां जमला तर उघडतलंय, नाय तर बंदरावर."

सुरुवातीला गावचा मानकरी नारळ घेऊन ट्रॅक्टरपुढे आला. देवाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय, म्हणजे मोठ्याने साकडे घातल्याशिवाय, चाक फिरायचे नाही, असे त्याने स्पर्धा घेणाऱ्या शेतकी अधिकाऱ्याला सांगितले. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिले आणि मान हलवली. कोल्हापूरचा चालक इंजिन सुरू करून बसला होता. निशाण पडले की निघायचे, एवढे त्याला माहीत होते. निशाण अधिकाऱ्याच्या काखेत होते.

"हे देवा म्हाराजा," मानकऱ्याने सुरुवात केली, "आज ह्यो लोखंडाचो रेडो तुझ्या लेकरांनी तुझ्या पायाकडे उभो केलेलो आसा…"

"व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला द्यायचा तो होकार गोदामभर घुमला.

हाच निघायचा इशारा असे समजून चालकाने क्लच सोडला. मानकरी नारळासकट पोत्यांच्या थप्पीवर चढला.

"आरे, माका नांगरतंस काय रे?"

"तुम्ही समद्यांनीच व्हय म्हणलासा न्हवं!"

"मेल्या, तुका नाय! देवाक म्हटला व्हय!" मागून कोणीतरी ओरडले. हशा बराच वेळ चालला. अधिकाऱ्याने ही चूक धरली नाही आणि चालकाला पुन्हा संधी दिली.

त्याने हिसका देऊन तराफा हलवला आणि वेगाने अर्ध्याच्या पुढे नेला. तिथे फरशी सर्वांत गुळगुळीत होती. मागची चाके जागच्या जागी फिरू लागली. त्याने रेस वाढवली. चाके अधिक जोरात फिरली, गोदामात धूर भरला आणि तराफा थांबला. तिथे खडूची रेघ मारण्यात आली. तराफा माणसांनी ढकलून परत आणला.

देवबागकर चढला. पहिले गाऱ्हाणे अर्धे राहिले म्हणून मानकऱ्याने ते पुन्हा पहिल्यापासून घातले, या वेळी बाजूला उभे राहून. देवबागकराने तो वेळ वाया घालवला नाही. प्रत्येक "व्हय म्हाराजा"ला ट्रॅक्टर बोटभर पुढे सरकत होता आणि तराफ्याला जोडलेली, जमिनीवर पडलेली साखळी कडी-कडीने वर उठत होती. तराफा हलला नव्हता. अधिकारी वाकून ते पाहत होता. नारळ फुटला तेव्हा साखळी ताठ होती. निशाण पडले. हिसका बसलाच नाही. तराफा निघाला तो बघणाऱ्यांना क्षणभराने कळले.

खडूच्या रेघेवर चाक घसरले.

"रेस वाढय रे! वाढय!" लोक ओरडले.

त्याने रेस कमी केली. इंजिनचा आवाज इतका खाली गेला की ते बंद पडले असे अनेकांना वाटले. चाके सावकाश झाली, त्यांनी फरशी धरली, आणि तराफा रेघेपलीकडे गेला. तसाच, त्याच आवाजात, तो दुसऱ्या दरवाजाबाहेर उन्हात आला. एवढ्या जड ओझ्यावर एवढा हलका हात मी नंतर पाहिलेला नाही.

सगळ्यांत आधी कोल्हापूरचा चालक त्याच्याजवळ पोचला.

"रेस कमी कशी केलीसा? इंजिन बसलं असतं की!"

"खाडीच्या तोंडार लाँच रेतीत लागली काय जोर करूचो नाय. केलो तर ती आणखी रुतता. कमी केलो काय ती आपणच वाट काढता."

"ह्ये मी शिकिवलं न्हवतं," कोल्हापूरचा म्हणाला, आणि खिशातली विडी काढून त्याला दिली.

नेमणुकीचे पत्र त्याच संध्याकाळी झाले. नांगर जोडणे आणि उतरवणे शिकवायला कोल्हापूरचा चालक आणखी आठवडाभर राहिला. चौथ्या दिवशी सकाळी मालवण बंदरातून मोसमातली शेवटची बोट सुटली. त्या वेळी देवबागकर कट्ट्याच्या मळ्यात पावसाआधी कोरड्या मातीत करायच्या धूळवाफेच्या पेरणीसाठी जमीन नांगरत होता. ट्रंक स्पर्धेच्या रात्रीच उघडल्याचे त्याच्या बायकोने सांगितले.