एकशे बारा हात कादंबरी

आपली कादंबरी किती पानांची आहे हे ज्यांना मरेपर्यंत सांगता आलं नाही, पण ती किती हात लांब आहे हे भर गर्दीत हटकून विचारलं तरी बोटभर चूक न करता सांगता यायचं, असे सबंध पृथ्वीवर एकच लेखक होऊन गेले आणि ते माझ्या बायकोचे मामा होते. "एकशे बारा हात, जवाईबापू," ते मला अभिमानानं सांगत. "त्यात प्रेम एकोणसत्तर, खून अकरा, अन् बाकीचा पुनर्जन्म." मी मराठीचा मास्तर. कादंबरीत प्रेम किती आणि खून किती, याचं माप इतक्या प्रामाणिकपणे देणारा दुसरा लेखक मला आजवर भेटलेला नाही.

मामाजी विणकर. नागपुरात गोळीबार चौकाच्या मागं त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि बाहेरच्या खोलीत दोन हातमाग होते. एकावर ते विणकर सोसायटीसाठी लुगडी विणत. दुसरा त्यांच्या वडिलांचा, बरीच वर्षं रिकामा पडलेला. कादंबरी या दुसऱ्या मागावर तयार झाली. हे मी लाक्षणिक अर्थानं म्हणत नाही. आधी त्यांनी वह्यांमध्ये लिहून पाहिलं होतं. पण मे महिन्यात एका दुपारी गरम वाऱ्यानं सुटी पानं पार शेजारच्या कौलांपर्यंत नेली आणि गोळा करून आणली तेव्हा नायिकेचं लग्न तिच्या जन्माच्या आधी लागलं. मामाजी वैतागले. योगायोगानं ओळखीच्या एका छापखान्यातून उरलेल्या कागदाचं एक भलंथोरलं रीळ त्यांच्या हाती आलं. ते त्यांनी जुन्या मागाच्या मागल्या बाजूला अडकवलं, कागद समोर ओढून घेतला, खाली पाट लावला आणि पुढच्या लाकडी रुळाला त्याचं टोक खळीनं चिकटवून टाकलं. मग मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, हातभर लिहायचं, शाई वाळली की रूळ फिरवून लिहिलेलं गुंडाळून घ्यायचं आणि पुढचा कोरा कागद ओढायचा. विणकर कापड गुंडाळतो तसंच. दोन टाक होते, दोन रंगांच्या सुताचे दोन धोटे असावेत तसे. ह्या जन्मातली वाक्यं निळ्या शाईत, मागल्या जन्मातली लाल. मामी आतून विचारायची, "अजी, जेवता काय?" आणि मामाजी ओरडायचे, "थांब वं, धोटा बदलून राहिलो!"

आता हा मागला जन्म त्यांच्या डोक्यात शिरला कसा? तर लग्नात. मामी उमरेडची. दोघांनी एकमेकांना आधी पाहिलेलं नाही, असा सगळ्यांचा समज. सगळं मोठ्यांनी ठरवलेलं. अंतरपाट दूर झाला, अक्षता डोक्यावरून घरंगळत होत्या, आणि नवरीनं मान खाली घालायची ती वर केली, नवऱ्या मुलाला नीट न्याहाळलं आणि हळूच म्हणाली, "तुमाले मी कुठंतरी पाह्यलं हाये." बस्स. मामाजींचा चेहरा म्हणे एकदम पांढराफटक पडला. आणि वरात नागपुरात पोचायच्या आत त्यांनी एसटीतल्या प्रत्येक वऱ्हाड्याला सांगून टाकलं होतं की ही मागल्या जन्मीची ओळख आहे. पुढची वीस वर्षं ते त्या एका वाक्याचं उत्तर शोधत होते. ती राजकन्या चंद्रप्रभा, ते राजाचे विणकर, मध्ये एक कपटी दिवाण, एक खून, आणि मग हा जन्म. कादंबरीचं नाव ठरलं 'पदरावरचा खून'. दिवाणाचं वर्णन मात्र दर आठवड्याला बदलायचं, कारण त्या आठवड्यात मामाजींशी जो कोणी वाकडं वागला असेल त्याच्या मिशा, त्याचं पोट किंवा त्याचा चष्मा दिवाणाला मिळायचा. एकदा मी त्यांच्या चहात साखर जास्त आहे म्हणालो, तर पुढच्या हातभर मजकुरात दिवाण मराठी शिकवायला लागला.

त्या दिवसांत मामाजींसमोर उभं राहणं धोक्याचं होतं. ते डोळे बारीक करून तुमच्याकडे पाहायचे आणि तुमचा मागला जन्म सांगून मोकळे व्हायचे. दूधवाला पूर्वजन्मी विहीर खणणारा होता, म्हणून दुधातलं पाणी त्याचा दोष नाही. आमच्या हेडमास्तरांना त्यांनी भर सत्यनारायणाच्या पूजेत सांगितलं की तुम्ही राजवाड्यातली दासी होता. मला म्हणाले, "तुमी पालखीचे भोई, जवाईबापू. खांदे पाहा नं कसे उतरले हायेत." मी म्हटलं, "मामाजी, ते वह्यांच्या गठ्ठ्यानं." त्यावर ते कनवाळू स्वरात म्हणाले, "ह्या जन्मातबी ओझंच आलं नं मंग."

पण मामाजींच्या अभ्यासूपणाचा कळस म्हणजे कन्हानच्या पुलाची हकीकत. दिवाण चंद्रप्रभेला पुलावरून नदीत ढकलतो आणि पडता पडता ती बोलते, "मी परत येईन, माझ्या विणकरा, ओळख ठेव," वगैरे दीड हात. पडताना एवढं बोलून होतं की नाही, ही मामाजींची शंका. मी म्हटलं, कादंबरीत चालतं. "अजी, लोक मोजतेत," ते म्हणाले. एका रविवारी सकाळी त्यांनी पोत्यात भाताचं तणस भरलं, त्याला लुगडं नेसवलं, मला हाताशी धरलं आणि आम्ही तिघं बसनं कन्हानला गेलो. कंडक्टरनं दोनच तिकिटं फाडली. लुगडं नेसलेल्या तिसरीकडे पाहून त्यानं घंटी वाजवली. पुलावर मामाजींनी मला नायिकेचं भाषण म्हणायला उभं केलं आणि पोतं ढकललं. मी जेमतेम "मी पर" एवढं म्हणालो तोच खाली धप्पकन आवाज झाला. मामाजी हळहळले. तेवढ्यात काठावर आरडाओरडा सुरू झाला. दोन नावाड्यांनी उड्या घेतल्या, बायका धाय मोकलून रडू लागल्या आणि एक पोलीस शिट्टी फुंकत आमच्याकडे धावत आला. "नाव काय?" त्यानं दरडावलं. मामाजी म्हणाले, "कोनत्या जन्मातलं?" मी त्या क्षणी सासुरवाडी सोडायचा विचार केला होता. पण मामाजींनी त्याला पुलाच्या कठड्यावर बसवून कथा पहिल्यापासून सांगितली. पोलिसाची वही उघडीच राहिली. शेवटी तो म्हणाला, "ते सारं ठीक हाये गा, पन दिवाणाले पकडलं का नाही?" आमची परतीची बस चुकली, पण पोलिसानं चहा पाजला आणि निघताना बजावलं, "त्याले सोडजो नोको."

खरी शिक्षा घरी होती. नावाड्यांनी काढून दिलेलं ओलं लुगडं मामीनं ओळखलं. तिच्या माहेरचं, निळं. "तुमच्या हिरोइनीले लुगडं पायजे असन त बजारातून आना," ती कडाडली. "मी अजून जित्ती हाये!" मामाजी चपला घालून चौकात निघून गेले. मी अपराधी चेहऱ्यानं लुगडं पिळायला मदत करू लागलो, आणि तिचा राग जरा निवावा म्हणून म्हणालो, "मामी, पण हे सगळं तुमच्या त्या एका वाक्यापासूनच सुरू झालं ना?" मामीनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोंडाला पदर लावून ती अशी हसायला लागली की लुगड्याचं दुसरं टोक तिच्या हातातून सुटलं. "जवाईबापू, कोनाले सांगू नका. कायचा जन्म अन् कायचं काय! लग्नाच्या वर्षभर आधी उमरेडच्या बजारात पाह्यलं होतं मी यायले. बकरीनं चप्पल पळवली होती यायची. एका पायात चप्पल घालून तिच्या मांगं मांगं धावून राहिले होते, अन् हात जोडून तिले म्हणत होते, सोड नं वं माय, सोड!"

मी थक्क झालो. म्हटलं, मग सांगितलं का नाही? मामी लुगडं झटकत म्हणाली, "सांगनारच होती. पन गाडी नागपूरले पोचली तवरिक यायनं मले राजकन्या करून टाकलं. आता राजकन्येनं बकरी कशी काढाव?" आणि मग म्हणाली, "त्या मागावर बसले की त्यायचं तोंड पाहा तुमी. मले सांगवतच नाही."

मी तोंड पाहिलं होतं. दिवसभर सोसायटीची लुगडी विणून वाकलेला तो माणूस जुन्या मागावर बसला की वीस वर्षांचा होऊन जायचा. तेव्हापासून मी मोठ्या कैचीत सापडलो. मामाजी मला हक्कानं विचारायचे, "जवाईबापू, खरं सांगा, तिनं मले कुठं पाह्यलं असन? राजवाड्यात का बगीच्यात?" आणि मी, ज्याच्या डोळ्यांपुढे फक्त बकरी उभी राहायची, खोकल्याचं निमित्त करून बाहेर जायचो. माझी एकच धास्ती होती. ही बकरी कुठून तरी मामाजींच्या कानावर गेली, तर एकशे बारा हात एका झटक्यात फुकट.

चार वर्षांनी कादंबरी पुरी झाली. रूळ चादरीत गुंडाळून आम्ही सायकलरिक्षात आडवा ठेवला आणि सीताबर्डीच्या एका प्रकाशकाकडे निघालो. वाटेत दोघा वाटसरूंनी प्रेत समजून टोपी काढून नमस्कार केला. प्रकाशक रहस्यकथा छापायचा. मामाजींनी उभ्या उभ्या कथा सांगितली आणि त्यानं रूळ ठेवून घेतला. आणि इथं ती चूक झाली, जी विणकराशिवाय जगात कोणाच्याही हातून झाली नसती. रुळावर जे आधी विणलं ते सगळ्यांत आत जातं आणि शेवटचं सगळ्यांत वर राहतं, हे विणकराच्या घरात पाळण्यातलं मूल जाणतं. ते कोणाला सांगावं लागतं हे मामाजींच्या स्वप्नातही आलं नाही. कंपोझिटर बिचाऱ्यानं माग कधी पाहिलेला नाही. त्यानं वरून उलगडायला घेतलं, प्रकरणागणिक कात्रीनं कापलं आणि जे तुकडे जसजसे हाती आले तसतसे नंबर टाकले. शेवटचं प्रकरण झालं पहिलं. मोकळा रूळ परत देताना तो म्हणाला, "तुम्ही एकशे बारा म्हणता, मी मोजलं तर साडेएकशे दहाच भरलं." मी मामाजींकडे पाहिलं. मापात कधी बोटभर न चुकणारा हा माणूस आता भांडणार, असं मला वाटलं. ते नुसते हसले. म्हणाले, "तुमचा हात लंबा असन," आणि रूळ खांद्यावर टाकून चालू लागले.

पुस्तक हातात आलं आणि मी डोक्याला हात लावला. पहिल्याच पानावर दिवाण फासावर जातो, मग लग्न, मग ओळख पटते, मग खून, आणि सगळ्यांत शेवटी राजवाड्याच्या बगीच्यात चंद्रप्रभा विणकराला पहिल्यांदा पाहते. मामाजींनी ते सावकाश वाचलं. मग म्हणाले, "लुगडं घेनारा आधी पदरच पाह्यते नं, जवाईबापू?" वाचकांनी तर कमालच केली. प्रकाशकाला पत्रं आली की खुनी आधीच कळलाय, पण खून केव्हा होतो या काळजीनं आमचं जेवणाकडे लक्ष लागेना.

मामीला वाचता येत नव्हतं. दिवाळीच्या सुटीत मामाजींनी तिला रोज दुपारी ती मेथी निवडत असताना सगळं पुस्तक वाचून दाखवलं. शेवटच्या दिवशी मी तिथं होतो. बगीच्याचं पान संपलं. मामाजींनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि वीस वर्षं राखून ठेवलेला प्रश्न विचारला, "हेच होतं काय वं? इथंच पाह्यलं होतं तू मले?" मी श्वास धरून बसलो. मामीनं मेथीची एक काडी संपूर्ण निवडली आणि म्हणाली, "हो नं. इथंच." मामाजींनी समाधानानं मान हलवली. त्यानंतर त्यांनी एक ओळही लिहिली नाही.

पाच वर्षांनी मामाजी गेले. माझ्याशी जन्मांविषयी बोलणारं कोणी उरलं नाही आणि मला ते दिवस फार आठवत राहिले. रूळ घरातच कोपऱ्यात उभा होता. पुढच्या उन्हाळ्यात मामीनं शेवया वाळत घालायला तो बाहेर काढला, ओल्या फडक्यानं पुसला, आणि जुनी खळ सुटून कागदाचा एक पट्टा तिच्या हातात आला. चिकटून राहिलेला, म्हणून कंपोझिटरच्या मापात न आलेला, सगळ्यांत आतला, दीड हाताचा. तिनं मला बोलावून घेतलं. निळी शाई, लाल कुठंच नाही. मी अंगणात उभा राहून वाचू लागलो.

"उमरेडचा बजार. बकरीनं माही चप्पल नेली. मी तिले हात जोडून राहिलो होतो, अन् मिरचीच्या ढिगापाशी एक पोरगी हसून हसून खाली बसली. मनात म्हटलं, देवा, हिच्यासमोर पुन्हा नको नेऊ. वर्षभरानं अंतरपाट दूर झाला त तेच पोरगी. अन् तिनं ओळखलं. आता बकरी निघते, म्हणून मी घाबरून मागला जन्म काढला. तिनं बकरी कधीच काढली नाही. मोठ्या मनाची बाई. तिच्यासाठी चांगला जन्म लिहाव म्हणतो."

मामी जमिनीवर बसली. "म्हंजे यायले मालूम होतं!" ती हसायला लागली, तसंच पदर तोंडाला लावून, आणि त्या हसण्यातच तिचे डोळे भरून वाहू लागले. "यायनंबी नाही सांगतलं, मीबी नाही," ती म्हणाली. शेवया तशाच परातीत पडून होत्या. मामीनं डोळे पुसले, पट्टा माझ्या हातात सरळ करून दिला आणि म्हणाली, "वाचा पुन्हा, जवाईबापू. बकरीपासून."