हात वर करायला कोणी सांगितले नव्हते

गेल्या हिवाळ्यात, निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना, एका रविवारी सकाळी चांदोरीच्या पुढे नाकाबंदीवर पोलिसांनी माझ्या वडिलांची अंगझडती घेतली. वडील ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याजवळ काहीही सापडले नाही.

मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही येवल्याला निघालो होतो. गाडी मी चालवत होतो, वडील शेजारी, बायको आणि मुलगी मागे. व्याही त्यांच्या गाडीने मागोमाग येत होते. अंबडला त्यांचा सुट्या भागांचा कारखाना आहे.

मी बरीच वर्षे वर्तमानपत्रात गुन्हेगारीच्या बातम्या केल्या. नाकाबंदीवर तासन् तास उभा राहिलो आहे, त्यामुळे पोलिसांच्या हुकमांचे अर्थ मला ठाऊक आहेत. 'बाजूला घ्या' म्हणजे अजून काही ठरलेले नाही. 'डिकी उघडा' म्हणजे वरवर एक नजर टाकतील आणि सोडतील. 'चावी द्या' म्हटले की वेळ लागणार. 'हात वर' फक्त त्यालाच म्हणतात, ज्याच्याबद्दल मत बनलेले असते.

त्या सकाळी हवालदार मला एवढेच म्हणाला, "साहेब, बाजूला घ्या. डिकी उघडा."

हुकूम मला होता. मी उतरून मागे गेलो. तेवढ्यात वडीलही उतरले. त्यांनी आपली कापडी पिशवी बॉनेटवर ठेवली, तिच्यातला डबा काढून झाकण उघडले, दोन्ही हात वर केले आणि उभे राहिले. मग, कोणी काही न म्हणता, जागच्या जागी वळून पाठ केली.

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात ते कोळशावर कामगार होते. पाळी सुटली की गेटवर रोज हेच चाले. डबा उघडायचा, हात वर करायचे, वळायचे. रखवालदाराला तोंड उघडावे लागत नसे. लहानपणी त्यांना आणायला गेलो की गेटबाहेरून मी ते पाहत असे. अधिकाऱ्यांच्या गाड्या दुसऱ्या गेटने जात.

हवालदार हसला. "काय बाबा, लय सवय दिसते! कुठं घेतला सरकारी पाहुणचार?"

"जुनं गिऱ्हाईक असंल," दुसरा शिपाई म्हणाला.

त्यावर हवालदाराचे हसू थांबले. "राहू द्या हात तसेच, बाबा." त्याने वडिलांच्या बगला, कंबर, खिसे चाचपले. तंबाखूची डबी, रुमाल आणि रक्तदाबाच्या गोळ्या बॉनेटवर आल्या.

खुलासा एका वाक्याचा होता. पण तोवर व्याही उतरून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी विचारले होते, "आबा थर्मलला इंजिनिअर होते का?" मी म्हणालो होतो, "प्लँटवर होते. ऑपरेशनला." वाक्य सरळ खोटे नव्हते. बातमीत मात्र मी ते कोणाला ठेवू दिले नसते. वडील तेव्हा समोरच बसले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

आता खरे सांगितले असते तर ते वाक्य उघडे पडले असते, आणि सोयरीक ज्यांच्याशी जुळली होती, तेच ऐकत उभे होते.

मुलीने काच खाली केली. "आजोबा, हात खाली घ्या ना. पप्पा, सांगा ना त्यांना!"

मी डिकी बंद केली.

"अहो हवालदार," व्याही म्हणाले, "सोडा त्यांना. गेटवरची सवय आहे ती. आमची माणसंपण सुटीच्या वेळी अशीच उभी राहतात."

"असं होय!" हवालदार माझ्याकडे वळला. "मग आधी बोलायचं ना, साहेब. जा बाबा, बसा."

वडिलांनी गोळ्या आणि डबी खिशात घातली. डब्याचे झाकण दोनदा तिरके बसले.

येवल्यात विणकराच्या घरी व्याह्यांनी वडिलांना आपल्याजवळ गादीवर बसवले. "आबा, तुम्ही नेमकं कोणत्या खात्यात होता?"

वडिलांनी माझ्याकडे बोट केले. "त्याला विचारा. बोलायचं काम त्याचं."

"कोळशावर," मी म्हणालो. "कामगार होते."

"हं," व्याही म्हणाले. थोडा वेळ ते समोरच्या पैठणीच्या पदरावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "व्याही, हे त्या दिवशीच सांगितलं असतं तरी चहा प्यायलोच असतो की आम्ही." आणि त्यांनी विणकराला दुसरी पैठणी उलगडायला सांगितले.

मुलीने जांभळी घेतली. लग्नाची तारीख तीच राहिली.

परतताना त्याच ठिकाणी, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, गाडी पुन्हा थांबवली. हवालदार वेगळा होता. "डिकी उघडा," तो म्हणाला. मी उतरलो. वडील बसून राहिले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते.