काकूंना काय वाटलं

हॉटेलच्या लाँड्रीत ताईला इस्त्री विभागाची प्रमुख केलं, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "तुम्हाला माणसं कळतात." खोटं नव्हतं. कुणाचं डोकं दुखतंय, कुणाचं घरी बिनसलंय, हे नुसत्या चादर झटकण्यावरून ती ओळखायची.

इस्त्रीची खोली वाफेनं भट्टीसारखी तापायची. वारा यायचा तो खिडकीजवळच्या एकाच टेबलाशी, आणि तिथे वर्षानुवर्षं काकू उभ्या राहायच्या. वयानं सगळ्यांत मोठ्या, जिभेनं तिखट.

एक दिवस सगळ्यांत धाकट्या मुलीनं ताईला कपाटांमागे नेलं. "ताई, मला दिवस गेलेत. वाफेनं गरगरतं. पण कुणाला सांगू नका हं. मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं, आणि मग..."

ताई काकूंकडे गेली. "काकू, थोडे दिवस धाकटीला इथे उभं राहू द्याल?"

"का? मी काय केलं?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

काकूंचे गुडघे दुखतात, त्यांचाही जीव उकाड्यानं कासावीस होतो, हे ताईला ठाऊक होतं. काकूंनी आपला रुमाल उचलला, कोपऱ्यातल्या टेबलाशी गेल्या आणि ताईशी बोलणंच टाकलं.

"तू प्रमुख आहेस. सांगितलंस, विषय संपला," घरी नवरा म्हणाला.

"संपला कुठे?" ताईनं ताट बाजूला सारलं.

पुढे मुलीनं आपणहून सगळ्यांना सांगितलं. काकू तडक ताईसमोर येऊन उभ्या राहिल्या. "एका शब्दानं बोलली असतीस, तर मीच सरकले असते. मी काय दगड आहे?"

"सांगू नका म्हणाली होती ती."

"तिचं बरोबर आहे गं. पण मला वाटलं, म्हातारी झाले, आता हळूहळू काढणार मला." काकूंचे डोळे भरले.

हे ताईच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग सांगायला हवं होतं का? मुलीचा शब्द मोडून? कितीही उलटसुलट विचार केला तरी कुणीतरी दुखावलं जातच होतं.

मॅनेजरांच्या मागे लागून तिनं कोपऱ्यात पंखा बसवून घेतला. काकूंनी कितीतरी दिवस त्याच्या बटणाला हात लावला नाही. मग एका दुपारी तो फिरताना दिसला.

ताई लगबगीनं गेली. "बरं वाटतंय ना, काकू?"

"चादरी ओल्या आल्यात, म्हणून लावलाय," काकू मान वर न करता म्हणाल्या.

राग गेला की अजून आहे, ताईला काही केल्या कळेना.