मिठावरचा निबंध आणि माझा डावा डोळा

बायको गेली त्या साली मी भिंतीशी बोलायला लागलो. भिंत बरी, मध्ये तोंड घालत नाही. पण डोंबिवलीच्या खाडीकाठचं आमचं गाव एवढंसं. चार दिवसांत बोभाटा झाला, म्हातारा बिघडला म्हणून.

कल्याणला एक मास्तर होते. मी मिठागरातला मुकादम, त्यांच्या घरी वर्षाचं मीठ मीच पोचवायचो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मास्तर म्हटलं की माझे पाय आपोआप जुळायचे. ते म्हणाले, "ठाण्याच्या वाचनालयाने निबंधाची चढाओढ लावली आहे. विषय मीठ. कोणीही लिहावं आणि सभेत उभं राहून वाचावं. भिंतीला सांगता ते कागदाला सांगा."

माझं शिक्षण तीन बुकांचं. आठ दिवस घाम गाळला, चार पानं भरली. मास्तरांनी ओटीवर बसून मोठ्याने वाचलं.

"'अहो महासागरा, आपल्या लवणमय अंतःकरणातून...' हे कोण बोलतंय?"

"मी."

"तुम्ही खाडीला अहोजाहो करता?"

"नाही. शिव्या देतो."

"मग शिव्या वगळा आणि उरेल ते लिहा."

शिव्या वगळल्यावर फार काही उरेना. पण मास्तरांची एक रीत होती. ते खोडायचे नाहीत, विचारायचे. बांध फुटला म्हटलं की "मग?" चिखलात उतरलो म्हटलं की "किती खोल?" मला आधी राग आला. वाटलं, शिकलेला माणूस गरिबाची थट्टा करतोय. मग ध्यानात आलं, ह्यांना खरंच ठाऊक नाही. जन्मभर मीठ खाल्लं, पण खाडीचं पाणी सुकवायच्या वाफ्यात पाय घातला नाही. मास्तरला न येणारं मला येतं, हे कळल्यावर मी घोंगडीवर जरा पसरून बसलो.

दर आठवड्याला कल्याणला चालत जायचो. निबंध वाढत होता. आणि एक दिवस मास्तरांनी विचारलं, "वाफ्यातलं मीठ ओढून गोळा करायची वेळ झाली, हे कळतं कसं?"

मी घोंगडी झटकून उठायला लागलो.

कारण सगळ्या मिठागरात माझं नाव होतं ते ह्याच गोष्टीसाठी. एक दिवस लवकर ओढलं तर मीठ मऊ, एक दिवस उशीर झाला तर कडू. माझं कधी चुकलं नाही. सकाळी मी बांधावर चढायचो, वारा हुंगायचो, डावा डोळा मिटून पाण्याकडे बघायचो आणि म्हणायचो, "आज." सगळे कामाला लागायचे. गावची तरणी पोरं माझं बघून डावा डोळा मिटायला शिकली. दुसऱ्या गावचे लोक मुद्दाम बघायला यायचे.

खरं असं, की त्याआधी बायको वाफ्यात बोट बुडवून चाटायची आणि माझ्या कानात सांगायची. आज, नाहीतर उद्या. मी फक्त बांधावर चढायचो.

हे मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "हे वाचायचं की नाही, तुम्ही ठरवा. गावचे लोक सभेला येणार आहेत."

येणार म्हणजे? अख्खी आळी येणार होती. माझी अब्रू ती केवढी, सगळी त्या डोळ्यात. रस्ताभर ठरवत आलो, ते पान गाळायचं. घरी आलो आणि मलाच ऐकू आलं, मास्तर विचारताहेत, "मग?" ते पान लिहिलं.

सभेत माझ्याआधी एका वकिलाने वाचलं. त्यात वेद होते, वैद्यक होतं, खाडी नव्हती. मग मी उभा राहिलो. कागद थरथरत होता. पुढच्याच बाकावर आमचे गाववाले. त्या पानाशी आलो, डोळे वर केले नाहीत, एका दमात वाचून टाकलं.

मग आमच्यातलाच एक ओरडला, "आणि रं तो डोळा?"

"खारा वारा डोळ्यात जायचा. म्हणून मिटायचो."

"अरे, आम्ही पंधरा वर्षं मिटतोय!"

काय ते हसू! अध्यक्षांची पगडी सरकली. परत येताना गाववाल्यांनी मला सोलून काढलं. "बायकोच्या जिभेवर मुकादमी केलीस होय रे!" त्याआधी सभेत पहिलं बक्षीस वकिलालाच मिळालं. मला अध्यक्ष म्हणाले, ते एक पान पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं, आणि ह्या खेपेला कागद हलला नाही. तेव्हापासून लिहितो आहे, कोणी वाचो न वाचो.

दुसऱ्या दिवशी धाकटी मेव्हणी भाकरी घेऊन आली. तिच्या कानावर सगळं गेलेलं. मी मान खाली घालून बसलो, आता ही बोलणार.

"भावोजी, सांगितलंत एकदाचं," ती म्हणाली. "ताई म्हणायची, सांगतील, पण मी असताना नाय सांगायचे."

मी भाकरी बाजूला ठेवली. "वाट बघायची का गं ती?"

"वाट कसली? तुम्ही बांधावर चढलात की ती खाली पदर तोंडात कोंबून हसायची."