तार हातात द्या

पाटलांनी तार ओट्यावरून खाली टाकली. ती माझ्या चपलेपाशी पडली. मी वाकून उचलली.

कमलनगरजवळच्या त्या खेड्यात इंग्रजी वाचता येणारा मी एकटा. पोस्टमनला पत्त्यापुरतं येई. शाळेत मी इंग्रजी शिकवायचो, म्हणून गावातली प्रत्येक तार माझ्याकडे यायची. तार म्हणजे मयत, हे गावाने धरूनच ठेवलेलं. मी तोंड उघडायच्या आत आतल्या बायकांनी गळा काढला.

"रडू नका," मी म्हणालो. "तुमच्या धाकट्या अण्णाला नोकरी लागली."

साखर वाटली. माझी चिमूट वरून रुमालात पडली. मग पाटलांची नात तांब्या घेऊन आली. पाचवीत होती. आदल्याच दिवशी तिचा हात धरून मी इंग्रजी अक्षरं गिरवून घेतली होती. त्याच हाताने तिने तारेवर पाणी शिंपडलं. माझा विटाळ धुतला, मग कागद देवापुढे गेला. पोर माझ्याकडे बघून हसली. तिला त्यात काही वावगं वाटलंच नाही.

मीही हसलो. सांगायला लाज वाटते, पण हसलो.

आम्ही बौद्ध झालो त्याला वर्षं लोटली होती. बापाने घरातले देव नदीत सोडले आणि मला शाळेत घातलं. मी जीव ओतून शिकवायचो, सुटीतही पोरांना घेऊन बसायचो. वाटायचं, इंग्रजी आली की माणूस ओटा चढतो. बारा वर्षं शिकवून मी खालीच उभा. त्या संध्याकाळी भाकरी सारून मी हे आईला सांगितलं.

आई म्हणाली, "गप ऱ्हा, बाबा. कामून वाकडं घेतूस? नोकरी हाय ती."

पुढची तार आली तेव्हा मी वर्गात होतो. पाटील स्वतः आले. दारातूनच त्यांनी कागद टेबलावर भिरकावला.

"वाच."

"हातात द्या, आप्पा. मग वाचतो."

"डोस्कं फिरलं व्हय रे? बदली करून टाकीन!"

"करा. पण हातात द्या."

मी हात पुढे केला. सगळा वर्ग बघत होता. पाटलांनी कागद उचलला आणि जीप करून कमलनगरला गेले, वाचून घ्यायला. उदगीरची त्यांची बहीण शेवटच्या घटका मोजत होती, भावाला बोलावत होती. तिथे वाचणारा भेटेपर्यंत रात्र झाली; ते उदगीरला पोचले तेव्हा सरण विझलं होतं.

"मास्तरनं भावाबहिणीची भेट तोडली," गाव म्हणालं.

कागद त्यांच्या हातात होता. माझा हात पुढे होता. मधे वीतभर जागा. ती त्यांना ओलांडवली नाही, आणि दोष माझ्या माथी. तरी ती म्हातारी मला सोडत नाही. तिने माझं काय वाईट केलं होतं?

महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. पार गुलबर्ग्याकडे, करजगीला. आई वाटभर रडली.

तिथे पहिल्याच आठवड्यात एक म्हातारा तार घेऊन आला. कागद पायरीवर ठेवून मागे सरला. माझी जात माझ्याआधीच गावात पोचली होती. मला उदगीरची म्हातारी आठवली. मी कागदाला शिवलो नाही.

"उचला, आप्पा," मी म्हणालो. "माझ्या हातात द्या."

मी हात पुढे करून उभा राहिलो. आत मयत असो नाहीतर बारसं, जमिनीवरची तार मी पुन्हा उचलणार नाही.