बर्फाखाली अडकलेला दोर

हुश्श! अकरा दिवसांनी आज दुपारी आमच्या ताईचा फोन लागला, मंडळी.

ताई दक्षिण ध्रुवाकडे संशोधनाच्या जहाजावर आहे. समुद्रात खोल यंत्र सोडून वरचं गार पाणी आणि खालचं कोमट पाणी किती मिसळतं, ते मोजते. त्या मिसळण्यावर जगाचं हवामान चालतं म्हणे, आपल्या रोहिणखेडचा पाऊससुद्धा.

ती सांगत होती, परवा यंत्राचा दोर बर्फाखाली अडकला. सगळे ओढायला निघाले. ताई कठड्यावरून वाकली आणि ओरडली, "ओढू नका, ढील द्या!" आमच्या विहिरीत बादली अडकली की आई हेच सांगायची. दोर सुटला, यंत्र मोजमापासकट वर आलं.

मी टाळ्याच वाजवल्या. स्पीकरवर ठेवलेला फोन आईनं माझ्या पुढ्यातून ओढला. "ते राहू दे. वाकली तवा मांगून तुले कोनं धरलं होतं?"

लहानपणी ताई विहिरीवर वाकली की आई मागून तिचा फ्रॉक मुठीत धरून उभी राहायची.

"पट्टा होता आई, कमरेले. जहाजाले बांधलेला."

"हाव? मंग ठीक आहे."

आज आईनं दुसरी भाकर घेतली, अकरा दिवसांत पहिल्यांदा.

तुम्ही वाकता तेव्हा तुम्हाला मागून कोण धरतं हो?